निरोप्या

मूल सांभाळणं एक वेळ जमेल. मूल सांभाळणाऱ्यांना सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, असं आमच्या घरातलं अधिकृत मत आहे. मत अर्थात आमच्या हिचं. हिने अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून डहाणू-तलासरी पट्ट्यात नोकरी केली. म्हणजे एका वेळी वीस-पंचवीस अंगणवाड्या, तितक्या सेविका, जवळपास तितक्याच मदतनीस आणि त्या सगळ्यांच्या एकमेकींबद्दलच्या तक्रारी. मुलांबद्दलची तक्रार घेऊन तिच्याकडे फारसं कोणी आलं नाही. मुलं भांडतात, चावतात, एकमेकांच्या ताटातली खिचडी पळवतात आणि दहा मिनिटांनी एकाच बाहुलीचे केस दोन बाजूंनी ओढत हसत बसतात. मोठ्यांना तेवढ्यासाठी दोन-तीन वर्षं लागतात; शिवाय मध्ये एक बदली लागते.

मी जन्मभर बँकेत होतो. आमच्याकडे दिवसअखेर हिशेब जुळला नाही, तर जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे. हिच्या खात्यात काहीच जुळत नसे आणि तरी सगळ्याजणी वेळेवर घरी जात, याचं मला नवल वाटायचं. संध्याकाळी चहा घेता घेता ती दिवसाचं सांगायची. एका पाड्यावर म्हणे सेविका आणि मदतनीस यांची बोलाचाली बंद होती. निरोप मुलांकरवी जायचे. साडेतीन वर्षांचा एक पठ्ठ्या चुलीपाशी जाऊन सांगायचा, 'बाई म्हणते, डाळ पातळ झाली.' चुलीपासचं उत्तर घेऊन परत यायचा, 'मावशी म्हणते, पातळच राहणार.' दोन्ही खेपांना तो मजकुरात काडीचाही फरक करत नसे. मला त्या मुलाची काळजी वाटली. इतका प्रामाणिक निरोप्या आयुष्यात पुढे कसा जाणार?

एका मुलामागे माणसं किती असतात, हे एकदा बोटांवर मोजून पाहावं. पाड्यावरचं दोन वर्षांचं पोर घ्या. आई, आजी, त्याला कडेवर घेऊन हिंडणारी आठ वर्षांची बहीण, अंगणवाडीची सेविका, मदतनीस, आशा आणि उपकेंद्राची नर्सबाई. झाल्या सातजणी. बाप आणि काका-मामा मी धरलेच नाहीत. ते कौतुकाच्या वेळी येतात. या सातजणींची गाठ एका वेळी, एका ठिकाणी सहसा पडत नाही. मूल मात्र रोज त्यांतल्या तीन-चार हातांतून जातं, आणि प्रत्येक हातबदल होतो तो दारात. एक आत, एक बाहेर, मध्ये मूल, आणि बोलायला फार तर दोन मिनिटं. 'रात्री अंग कोमट होतं. सकाळी दूध ओकलाय. शी झालेली नाही. आणि हो, त्याच्यासमोर मांजराचं नाव काढू नका.' एवढं सगळं त्या दोन मिनिटांत बसवायचं.

या दोन मिनिटांवरून त्या दोघींचं कसं चाललंय ते बिनचूक ओळखता येतं, असं ही म्हणते. ज्यांचं बरं चाललंय त्या एकमेकींना वाईट बातम्या देतात. पायरीवरून पडला, भात थुंकला, काल मी त्याला एक धपाटा घातला. ज्यांचं बिनसलंय त्या म्हणतात, 'सगळं ठीक आहे.' दारात 'सगळं ठीक आहे' ऐकू आलं की ही सावध व्हायची. पुढे मी हे आमच्या शाखेत लावून पाहिलं. व्यवस्थापकाने 'एव्हरीथिंग फाइन' म्हटलं की मी रोकड पुन्हा मोजायला घेत असे.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत अंगणवाड्यांची ही योजना सुरू झाली, तेव्हाच तिच्या नावाच्या सुरुवातीला 'एकात्मिक' हा शब्द घातला होता. पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवा एका छपराखाली. त्यांतल्या शेवटच्या तीन आरोग्य खात्याच्या माणसांशिवाय होऊच शकत नाहीत. म्हणजे सेविका एका खात्याची, सुई दुसऱ्या खात्याची, छप्पर बहुधा ग्रामपंचायतीचं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याबरोबर आशा आली. ज्या गरोदर बाईच्या दारात सेविका इतकी वर्षं एकटी जायची, तिथे आता दोघी जायला लागल्या. सेविकेला महिन्याचं मानधन, आशेला बरंचसं कामागणिक. एकाच अंगणात दोन वह्या आल्यावर काय व्हायचं ते झालं.

यावर उपाय म्हणून तालुक्याला समन्वय सभा व्हायची. मागे फलक, पुढे समई, प्रत्येकीला गुलाबाचं एक फूल. साहेब सांगायचे की आपण सगळे एकाच गाडीची चाकं आहोत. इंजिन कोण, हे विचारायची पद्धत नव्हती. मग एकेकीने उठून आपल्या गावात समन्वय किती उत्तम आहे ते सांगायचं. चहाला सुटी झाली की सेविका आंब्याखाली, आशा पिंपळाखाली आणि नर्सबाया जीपच्या सावलीत. सभेचं इतिवृत्त ही कधीकधी घरी आणायची. ते वाचलं तर त्या तालुक्यात मूल आजारी पडणं शक्यच नव्हतं.

हिची स्वतःची एक तपासणी होती; ती कुठल्या प्रपत्रात नव्हती. अंगणवाडीत पाऊल टाकलं की आधी बघायचं, मदतनीस कुठे बसलीय. मुलांच्या गोलात बसली असेल तर उत्तम. उंबऱ्यावर असेल तर बरं. बाहेर झाडू घेऊन उभी असेल, तर त्या दिवशी रजिस्टरं जरा जास्त वेळ उघडून बसायचं. कारण साधं होतं. सेविकेचं शिक्षण जास्त, मानधन जास्त, सही तिची. पण रोज सकाळी घरोघर जाऊन मुलं गोळा करून आणते ती मदतनीस. कोणाच्या घरी रात्री चूल पेटली नाही, कोण पिऊन आलं, कोणाची आई दिवाळी होताच वीटभट्टीवर निघाली, हे तिला हजेरीच्या आधी कळलेलं असतं. ती बाहेर उभी राहिली की ही सगळी माहितीही बाहेरच उभी राहते. २०२१ पासून सेविकांच्या मोबाइलवर पोषण ट्रॅकर आला. त्यात उंची भरता येते, वजन भरता येतं. मदतनीस काय म्हणते, याला अजून रकाना नाही.

दुसरी खूण वजनांची. एका सेविकेच्या वहीत सगळ्या मुलांची वजनं दर महिन्याला दोनशे ग्रॅमने वाढत होती. पावसाळ्यातसुद्धा. घरातलं धान्य सरत आलेलं, आयाबाया लावणीच्या चिखलात, पोरांना जुलाब, आणि वहीत मात्र सगळीजण दोनशे-दोनशे ग्रॅमने शिस्तीत पुढे. ही रागावली नाही. 'तुमच्या गावची हवा चांगली दिसते,' एवढंच म्हणाली आणि वही मिटून मदतनिसेबरोबर डाळ निवडायला बसली. डाळ संपेपर्यंत उलगडा झाला. आधीच्या कोणीतरी साहेबाने म्हणे भर बैठकीत एका सेविकेला उभं करून झापलं होतं, कारण तिच्या गावातल्या मुलांची वजनं घटली होती. तिने घटलेली वजनं घटलेली लिहिली, हा तिचा गुन्हा. ते बघून बाकीच्या सगळ्यांच्या मुलांनी त्या महिन्यापासून वाढायचं ठरवलं.

हिने पुढे काही महिने कोणालाही वजनावरून बोलायचं नाही असा नेम धरला. बोलायचं ते फक्त 'मग आता काय करूया' एवढंच. हळूहळू वह्यांमध्ये आकडे वर-खाली व्हायला लागले. तशी जिल्ह्यावरून विचारणा आली, तुमच्या विभागातलं कुपोषण अचानक कसं वाढलं? 'वजनकाटे दुरुस्त करून घेतलेत, साहेब,' असं हिने कळवलं. आमच्या बँकेत असं उत्तर देणाऱ्याला बढती मिळाली असती. हिला कारणे दाखवा नोटीस मिळाली.

त्याच सुमाराला एका घरातल्या मुलीच्या दंडाला पट्टी गुंडाळली तर ती लाल रंगावर थांबली. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं की लाल. म्हणजे मुलीला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं आणि आईने तिच्यासोबत दोन आठवडे राहायचं. सेविकेने समजावलं, आशेने समजावलं, नर्सबाईने जरा भीतीही घातली. आई ढिम्म. तिने नकाराचं कारणही सांगितलं नाही. मदतनीस भांडी घासून हात पुसत आली आणि म्हणाली, 'कोंबड्या माझ्याकडे सोड. दोन्ही पोरंपण.' आई त्या दुपारी निघाली. तिघी शिकलेल्या बायांनी पोषणाबद्दल एवढं सांगितलं, पण कोंबड्यांचं कोणी काढलंच नव्हतं.

लसीकरणाच्या टेबलाची गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा झालीय की आता सूनबाईंनाही पाठ आहे. लसीकरणाचं सत्र अंगणवाडीत व्हायचं. नर्सबाई लशीचा डबा घेऊन यायची आणि तिचं टेबल कुठे लावायचं, यावरून दर महिन्याला खडाजंगी. नर्सबाईचं म्हणणं, टेबल आत, खोलीत. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, ऊन लागलं तर जबाबदारी माझी. सेविकेचं म्हणणं, टेबल बाहेर. खोलीत सुई टोचली की मुलांना खोलीची धास्ती बसते, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी निम्मी होते, ती जबाबदारी माझी. दोघींचं बरोबर. आणि दोघीही बरोबर असल्या की भांडण फार लांबतं, हा घरोघरचा अनुभव आहे. मध्ये आशा. मुलं गोळा करून आणायचं काम तिचं, त्यामुळे दोघी तिच्यावर डाफरायच्या.

शेवटी मदतनिसेने एका सत्राला कोणाला न विचारता टेबल मागच्या ओट्यावर लावून ठेवलं. तिथे स्वयंपाकाच्या बाजूची सावली होती, हात धुवायला पाणी होतं. मुलाला मागून आणायचं, टोचायचं आणि अंगणवाडीला वळसा घालून पुढच्या दाराने आत सोडायचं. आत सेविका राजगिऱ्याचा लाडू घेऊन बसलेली. सुईची जागा वेगळी, बाईची वेगळी. हजेरी शाबूत राहिली. ही म्हणाली, संपलं.

कसलं संपतंय? दोन-तीन सत्रांनंतर नर्सबाईचं तोंड फुगलं. लस टोचून झाली की मुलाला अर्धा तास तिथेच थांबवायचं असतं. त्या रिकाम्या अर्ध्या तासात ती बोलून गेली. 'गोड ते तुम्ही द्यायचं, कडू ते मी. गावात शिरले की पोरं मला बघून आईच्या पदरात घुसतात. बाया रडणाऱ्या पोराला माझं नाव सांगून गप्प करतात. माझंपण एक आहे घरी एवढंच.' सेविकेला हे सुचलंच नव्हतं. तिने काही उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात लाडवांचा डबा नर्सबाईच्या टेबलावर होता. आता ती टोचायची आणि लगेच लाडूही तीच द्यायची. मुलं रडायची थांबली का? छे! ती रडत रडत लाडू खायला लागली, आणि दीड-दोन वर्षांचं पोर रडतं आणि खातं एकाच वेळी, तेव्हा दोन्ही कामांना न्याय देण्याची त्याची जी धडपड असते ती बघून नर्सबाईला हसू आवरत नसे. पाच वर्षांचे मोठे डोस घेणारे तर पळून जाण्याआधी डब्यात डोकावून बघू लागले.

तो अर्धा तास मला फार आवडतो. रिॲक्शन आली तर कळावी म्हणून तो नियमात घातला. पण तेवढा वेळ आई, आजी, आशा, सेविका, नर्सबाई, मदतनीस अशा झाडून साऱ्याजणी एका ओट्यावर अडकून पडतात आणि कोणालाही घाई करून भागत नाही. नर्सबाईने त्या वेळात चार गोष्टी सांगायच्या असतात: लस कोणती दिली, त्याने काय होऊ शकेल, पुढची कधी, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणा. यातली दुसरी गोष्ट तिने स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने सांगितलीच पाहिजे, असा तिथल्या आशेचा हट्ट होता. 'ताप येणार' हे आधी सांगितलं तर ताप आला की आजी म्हणते, नर्सबाई बोलली होती. नाही सांगितलं, तर रात्री दीड वाजता दार ठोठावलं जातं ते आशेचं. नर्सबाई उपकेंद्रात, आशा गावात, हा साधा भूगोल आहे.

याच ओट्यावर एकदा दोन वह्या शेजारी-शेजारी उघडल्या. सेविकेच्या वहीत बासष्ट मुलं, आशेच्या डायरीत एकोणसाठ. तीन मुलं गेली कुठे? दोघी एकमेकींच्या वहीत चुका शोधायला लागल्या. मदतनिसेने चहा ओतता ओतता हिशेब लावला. तिघं भावंडं आईबापाबरोबर भिवंडीकडे भट्टीवर गेलीत, सेविकेने अजून कमी केली नाहीत. एक पोरगा सहा वर्षांचा होऊन शाळेत गेला, तोही सेविकेच्या वहीत राहिलाय. आणि एक काल रात्री जन्मलंय, ते आशेला माहीत आहे, सेविकेला नाही. बासष्टातून चार गेले, अठ्ठावन्न. एक आलं, एकोणसाठ. मी हे ऐकलं तेव्हा त्या बाईला आमच्या शाखेत ताळेबंदाला बसवावं असं मनापासून वाटलं. सेविकेने भट्टीवर गेलेल्या तिघांची नावं, वजनं आणि झालेले डोस एका चिठ्ठीवर लिहून चुलत्याकरवी धाडून दिले, तिकडच्या ताईला दाखवायला सांग म्हणून. तिकडची ताई तिने कधी पाहिलेली नाही.

हिच्या त्या पट्ट्यातच कोसबाडची टेकडी येते. त्यामुळे आमच्याकडे गोष्ट कुठलीही असो, ती कधी ना कधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापाशी जाऊन पोचते. ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. या गिजुभाईंना गुजरातेत 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणतात. मिशी मलाही आहे, पण पुढचं पद अजून कोणी बहाल केलेलं नाही. १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्राचं काम सुरू झालं तेव्हा ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, नाव झालेल्या. अनुताई पस्तिशीच्या. १९५७ मध्ये दोघी कोसबाडला आल्या आणि १९७३ साली ताराबाई गेल्या तोवर बरोबर काम करत राहिल्या. दोन कर्तबगार बायका एका संस्थेत अठ्ठावीस वर्षं! कुठल्याही संस्थेच्या कार्यवाहांना हे वाक्य वाचून दाखवावं आणि त्यांचा चेहरा बघावा.

हे त्यांना कसं जमलं, यावर हिची एक उपपत्ती आहे. त्या दोघींसमोर रोज इतक्या वाईट बातम्या यायच्या की एकमेकींचं मन राखत बसायला सवड नसावी. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत. का? गुरं राखायला जातात. मग शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. लहानगी बालवाडीपर्यंत पोचत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. थोरल्या मुली येत नाहीत. का? कडेवर भावंड आहे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एका जागी आणली, ती विकासवाडी. थोरलीने भावंडाला पाळण्यात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायचं. मला यातली ती आठ वर्षांची पोरगी फार महत्त्वाची वाटते. मूल सांभाळणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव कोणी घालत नाही. तिच्या कामाची दखल तिला सुटी देऊन घेतली, हे मला मोठं वाटतं. एरवी आपण अशा मुलीचं 'किती समजूतदार' म्हणून कौतुक करतो आणि दुसरं भावंड तिच्या कडेवर देतो.

आता ही निवृत्त झालीय आणि आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलगा आणि सूनबाई दोघं मुंबईला जातात. नात तीन वर्षांची. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू दिलं पाहिजे, असा कायदा आहे. कायदा चांगला आहे. मात्र ज्याने तो लिहिला त्याने तीन वर्षांचं मूल, त्याचं दप्तर आणि स्वतःचा डबा घेऊन डोंबिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये चढून दाखवावं. म्हणून नात जाते ती दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरच्या पाळणाघरात. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. मीही म्हणतो, वयाने मी त्यांच्या वडिलांसारखा असलो तरी.

नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे निरोपांचंही. सकाळी ही सांगते, 'त्यांना म्हणावं, दुपारी दोन-दोन तास झोपवू नका, रात्री बारापर्यंत आम्हाला नाचवते.' दारात गेल्यावर मला ते वाक्य जरा खरखरीत वाटे. मी म्हणे, 'तुमच्याकडे झोप मात्र फार छान होते हं तिची.' मावशी खूश. संध्याकाळी मावशी सांगत, 'आजींना सांगा, डब्यात शिरा नको. बाकीची मुलं मागतात आणि ही पोळीभाजीला हात लावत नाही.' घरी येऊन मी सांगे, 'शिऱ्याचं फार नाव झालंय तिथे.' ही खूश. दोन्ही घरांत शांतता नांदत होती. नात झोपत होती आणि शिरा खात होती. ग्राहक आणि व्यवस्थापक यांच्यामधल्या काउंटरवर ज्याने उमेदीची वर्षं काढली आहेत, त्याला हे शास्त्र शिकवावं लागत नाही.

मावशींचं स्वतःचंही एक शास्त्र आहे. मुलं चावतात. कोणी कोणाला चावलं, हे त्या कधीही सांगत नाहीत. दारात एवढंच म्हणतात, 'आज एका मुलाने जरा दात लावला, बर्फ लावलाय.' नाव सांगितलं की दोन घरं कायमची दुरावतात आणि ती मुलं दुसऱ्या दिवशी एकाच झोक्यावर असतात, असा त्यांचा हिशेब. धोरण अगदी बरोबर. फक्त ज्याला दात लागलाय ते मूल आमच्या कडेवर असतं, ते तिथल्या तिथे नाव आडनावासकट सांगून मोकळं होतं, आणि त्या आडनावाचे आजोबा मागे रांगेत चपला घालत असतात. आम्ही दोघांनी मग हवामानावर बोलायची प्रथा पाडली आहे.

माझा गुडघा धरला म्हणून एकदा ही नातीला आणायला गेली. दोन मिनिटांचं काम. पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. आली ती दारातूनच म्हणाली, 'उद्यापासून शिरा बंद.' मी विचारलं, का? 'त्या कधीच्या सांगतायत म्हणे.' चप्पल काढता काढता तिने माझ्याकडे पाहिलं. 'आणि दुपारची झोप फार छान होते म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, असंही कळलं.' मी गुडघा चोळत राहिलो. दोन्हीकडे सलोखा होता हे तिने लक्षात घ्यायला हवं होतं, आणि तसं मी तिला सांगणारही होतो. तेवढ्यात ती म्हणाली, 'तुमच्या गावची हवा चांगली दिसते.'

दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले आहेत. दुपारी तीनच्या सुमाराला, मुलं झोपलेली असताना, फोन होतो. आता झोप तासाभराची. नातीबद्दलचं बोलणं दोन मिनिटांत आटपतं. पुढे दोघींच्या कंबरा, मावशींच्या मदतीला येणाऱ्या मुलीचं लग्न, भाजीचे भाव. परवा दोघींचं चांगलं वाजलंसुद्धा, अंगावर तेल लावावं की नाही यावरून. मी धास्तावून बसलो. दुसऱ्या दिवशी तीन वाजता फोन पुन्हा सुरू. सूनबाईंनी मोबाइलवर तिघींचा एक ग्रुप काढलाय. मला घ्या म्हटलं, तर 'बाबा, तुम्हाला उगाच त्रास,' म्हणाल्या.

काल संध्याकाळी मावशींनी दप्तर दिलं, पाण्याची बाटली दिली, नातीचा हात माझ्या हातात दिला. मी सवयीने थांबलो. 'काही निरोप?' 'नाही आजोबा, आजींशी बोलले मी.'

वाटेत नात म्हणाली, 'आजोबा, आज मीच चावले.' कोणाला, तेही तिने सांगितलं, पुन्हा आडनावासकट. ही बातमी घरी नेमकी कशी घालायची, याचा मी केळीवाल्याच्या गाडीपासून जिन्यापर्यंत विचार केला. 'खेळताना जरासा दात लागला' असं एक वाक्य जवळजवळ जुळवलंही. दार उघडलं तर ही पुढ्यातच उभी.

'चावलीय ना? मावशींचा फोन येऊन गेला. दप्तर द्या इकडे.'